काचेखालचा कॅमेरा

कॅसेटी कमी होत्या, म्हणून आम्ही त्या पुसून परत वापरायचो. त्यामुळे आमच्या केबल चॅनलवरच्या पत्त्यांच्या कार्यक्रमाचं एकही रेकॉर्डिंग आज शिल्लक नाही. किस्से मात्र पुसले जात नाहीत. जुन्या स्टाफपैकी दोघं चहाला भेटलो की एकातून दुसरा निघतो, आणि चहा गार होतो.

अमरावतीत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. मालक रफिकभाई, मूळचे टीव्ही दुरुस्तीवाले. कॅमेरा आणि कॉमेंट्री माझ्याकडे. त्या वर्षांत बातम्या लावल्या की कापूस, कोरड्या विहिरी आणि कुठल्यातरी गावची अंत्ययात्रा. एकदा रफिकभाईंनी स्पोर्ट्स चॅनलवर परदेशी पोकर पाहिलं. खेळणाऱ्यांचे झाकलेले पत्ते त्यांच्याशिवाय फक्त प्रेक्षकांना दिसत होते.

"भाऊ, हे आपण करू," ते म्हणाले. "आपली तीन पत्ती. लोकाईले रविवारी एक घंटा तरी दुसरं काही पाहू दे."

पैसे लावायचे नाहीत, ही त्यांची अट. नांदगाव पेठच्या कापड युनिटमधून शर्टाची बटणं आणली, त्यावरच डाव चालायचा. जिंकणाऱ्याला एका दुकानाकडून भिंतीवरचं घड्याळ.

*

पहिल्या रविवारी रफिकभाईंनी घरचा काचेचा टीपॉय उचलून आणला. काचेवर पत्ते पालथे ठेवायचे आणि खालून मी पाठीवर पडून कॅमेरा धरायचा, शिवाय हळू आवाजात कॉमेंट्री.

"मंडळी, उजवीकडच्या काकांकडे दोन एक्के," मी कुजबुजलो.

बाकी तिघांनी एकदम पत्ते टाकले. म्हणजे 'पॅक' केलं.

काका वाकून टेबलाखाली बघत म्हणाले, "बाबू, तुयं माह्यं काही जुनं भांडण आहे का?"

पुढच्या रविवारपासून काचेखाली कॅमेरा स्टँडवर बसला आणि मी शेजारच्या खोलीत, स्क्रीनसमोर.

*

कार्यक्रम लाइव्ह असायचा. एक साडीवाले दुकानदार सलग तीन रविवार जिंकले. चौथ्या रविवारी मला कळलं की त्यांची बायको घरी टीव्हीवर सगळ्यांचे पत्ते बघून मिस्ड कॉल द्यायची. एक रिंग वाजली की पॅक, दोन वाजल्या की खेळायचं. त्या दिवशी त्यांच्याकडे तीन राण्या होत्या, एक रिंग वाजली आणि त्यांनी पॅक केलं. घरी जाऊन बायकोला विचारलं तर फोन मेव्हण्याचा होता. त्याला साडीचा रंग बदलून हवा होता.

*

आमचे खरे खेळाडू दोनच. मोर्शीचे बाबाराव, संत्र्याचे बागायतदार, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. आणि अकोल्याच्या नलिनीबाई, प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. तरुणपणीच विधवा झालेल्या. दर रविवारी बसने यायच्या, पाचच्या बसने परत जायच्या.

त्या वर्षी बाबारावांच्या बोअरचं पाणी गेलं आणि बाग उभी वाळली. बाहेरच्या एका चॅनलचा रिपोर्टर त्यांना शोधत आमच्या ऑफिसात आला. त्याला वाळलेल्या झाडाजवळ बसलेला शेतकरी हवा होता.

"आज माहा खेळ आहे," बाबाराव म्हणाले. "झाडं उद्यापण वाळलेलीच राहीन. उद्या या."

रिपोर्टर थांबला नाही. बाबाराव मात्र खेळायला बसले, आणि पहिलाच पत्ता त्यांनी उलटा, सगळ्यांना दिसेल असा उचलला. नलिनीबाईंनी स्वतःचे पत्ते खाली ठेवले आणि सगळ्यांसाठी चहा मागवला. चहा संपेपर्यंत डाव थांबून राहिला.

*

नलिनीबाई फार जिंकायच्या. "सहा घड्याळं झाली," एकदा त्या म्हणाल्या. "चार शाळेला दिली. आता मुलांना उशिराचं कारणच उरलं नाही."

त्या का जिंकतात, हे सगळ्या अमरावतीला माहीत होतं. समोर नलिनीबाई उरल्या की बाबाराव चांगले पत्ते टाकून द्यायचे. एकदा तर तीन राजे टाकले. आमची केबल एकीकडे बडनेऱ्यापर्यंत, दुसरीकडे नांदगाव पेठेपर्यंत. ना अकोल्याला दिसायचं, ना मोर्शीला. आणि शहरातल्या एकानेही दोघांना काही सांगितलं नाही.

एका बाईंचा फोन आला होता. "त्या मोर्शीवाल्या भाऊले म्हणा, पत्त्याईनं काय बोलता, तोंडानं बोला."

मी निरोप दिला नाही. पण धीर करून विचारलं, "बाबाराव, तीन राजे होते. पॅक काहून केलं?"

"तुले खालून दिसते ना? मंग विचारतं कायले?" थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "जिंकली की बाई हसत बसमध्ये चढते. मी स्टँडवर पाह्यतो."

*

पुढे घराघरावर डिश लागल्या आणि आमचं चॅनल बंद झालं. रफिकभाई पुन्हा टीव्ही दुरुस्तीला बसले. बाबाराव दोन वर्षांनी गेले. बाई अकोल्यातच आहेत. कार्यक्रम संपल्यावर दोघं परत भेटले नाहीत, हे मला त्यांनीच सांगितलं.

शेवटच्या रविवारचं मात्र मी त्यांना विचारू शकलो नाही.

त्या दिवशी शेवटच्या डावात दोघंच उरले होते. मी शेजारच्या खोलीत स्क्रीनसमोर. बाबारावांकडे सत्ती, नव्वी, चौकी. काहीच नाही. नलिनीबाईंकडे तीन एक्के. त्यावर कुठलाच हात नाही.

बाबारावांनी पहिल्यांदाच सगळी बटणं पुढे सरकवली. पत्ते बघितलेसुद्धा नाहीत, बाईंकडे बघत राहिले.

बाईंनी आपले पत्ते उचलून पाहिले. मग बाबारावांकडे पाहिलं, बराच वेळ. मी कॉमेंट्रीसाठी तोंड उघडलं. रफिकभाईंनी मागून माझा माइक बंद केला.

बाईंनी पत्ते पालथे ठेवले. "पॅक," त्या म्हणाल्या.

बाबारावांनी विचारलं, "काय होतं बाई तुमच्यापाशी?"

बाईंनी तिन्ही पत्ते गड्डीत मिसळून टाकले.

"काही नव्हतं."