कडुलिंबाखालची जागा

धारूरच्या गुरुपादअप्पांच्या किराणा दुकानात पावशेर गुळावर एक गोष्ट फुकट मिळायची. गिऱ्हाईक उठायला बघायचं आणि अप्पा दुसरी गोष्ट सुरू करायचे. बायको शांतादेवी गेली, तेव्हा लिंगायतांच्या रीतीनं तिला ओढ्याकाठच्या रानात समाधीत बसवलं. तिच्या उजव्या अंगाला, ओढ्याकडच्या कडुलिंबाखाली, अप्पांनी स्वतःची जागा राखून ठेवली. लग्नाच्या पाटावर बसली तशी ती आपल्या डावीकडंच हवी, एवढाच हट्ट.

आणि त्याच ओढ्यावर तलाव होणार अशी आवई उठली. पाणी कुठवर येणार, कुणी धड सांगेना. तेलगावात पुतण्या रुद्रेशनं नुकतंच इंटरनेटचं दुकान टाकलं होतं. त्यानं अप्पांना बोलावून घेतलं.

पडद्यावर अप्पांचं रान घारीला दिसावं तसं वरून दिसलं, बांधासकट, लिंबासकट. रुद्रेशनं नकाशावर सरकारी आराखड्यातला तलावाचा निळा थर चढवला, पण लिंबाजवळ त्याची कड नेमकी कळेना. म्हणाला, जागेवर बाण नेऊन दाबलं की त्या जागेत काय येतंय ते चौकटीत लिहून येतं.

"आधी तुझ्या काकूची दाब."

चौकट उघडली. जिरायत जमीन. तलावाचं नावसुद्धा नाही. अप्पांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, चहा मागवला, दोन घोट घेतले.

"आता माझी. लिंबाखाली."

चौकट उघडली. बुडीत क्षेत्र.

कपातला चहा मांडीवर सांडला, तरी अप्पांना भाजल्याचं कळेना. रुद्रेश म्हणाला, यंत्रही चुकतं, पुन्हा बघू. पुन्हा दाबलं. तेच.

"तिला एकटीलाच काठावर ठिवलं की रं मी," अप्पा हळूच म्हणाले.

परतीच्या एसटीत शेजारच्यानं ओळखीनं विषय काढून बघितला. अप्पा घाट संपेपर्यंत गप्प. कंडक्टरनंही विचारलं, तब्येत बरी नाही का.

उतरले ते घरी न जाता सरळ रानात गेले. समाधीजवळ बराच वेळ बसले. मग उठून बांधावरचा एक धोंडा लोटत लोटत आणला आणि समाधीच्या दुसऱ्या, ओढ्यापासून लांबच्या अंगाला रोवला. शेजारचा धुळाजी पाणी धरायचं सोडून बघत उभा राहिला. शेवटी त्यानं विचारलंच, अप्पा, हे काय मांडलंय.

"जन्मभर ती माझ्या डावीकडं बसली," अप्पा कमरेवर हात ठेवून म्हणाले. "आता मी तिच्या डावीकडं बसतो. तिला इचारलंय. न्हाई म्हणली न्हाई."