सगळ्यांचंच दुखतं

आम्ही जिला घडी म्हणायचो तिचा खांदा पहिल्यांदा दुखला तेव्हा तिने ते आधी मला सांगितलं, आणि मी म्हणाले, "माझाही दुखतो." मी खोटं बोलले नव्हते. चादरींचं काम करणाऱ्या बाईचा खांदा दुखत नसेल तर ती पगार फुकट खाते, असंच आमच्यात समजतात. पण तिचं दुखणं आणि माझं दुखणं एक नव्हतं. ते कळायला मला चौदा महिने लागले, आणि तोवर तिच्या हातात फार दिवस उरले नव्हते. आता ती नाही. मी तोंडाने फटकळ बाई आहे, त्यामुळे हे मला गोड करून सांगता येणार नाही.

आम्ही एका हॉस्पिटलच्या तळघरात कामाला. वर पाच मजल्यांवर आजारी माणसं झोपतात आणि त्यांच्या चादरी खाली आमच्याकडे येतात. धुलाईच्या यंत्रातून त्या गरम रोलरवर जातात आणि रोलरमधून आमच्या हातात. चादरीची घडी एकटीला घालता येत नाही, दोघी लागतात. समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन कोपरे धरायचे, एक झटका द्यायचा, मग चालत एकमेकींजवळ यायचं. एकीने आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे आणि वाकून खालची दुमड उचलायची. दुसरीने हात डोक्याच्या वर नेऊन चादर ताणून धरायची. एका पाळीत चारशे चादरी होतात.

रोलरचा आवाज इतका असतो की चार पावलांवरचं बोलणं ऐकू येत नाही. बोलायला मिळतं ते फक्त जवळ आल्यावर, कोपरे देता-घेता. एका चादरीला एक वाक्य. त्यामुळे आमच्या घरच्या गोष्टी हप्त्याहप्त्याने कळायच्या. सुनेने मोठं पातेलं पुन्हा वरच्या फळीवर ठेवलं, एक चादर. माझा हात तिथे पोचत नाही हे तिला चांगलं ठाऊक आहे, दुसरी चादर. मग मी काय म्हणाले, तिसरी. मी काय म्हणाले ते ऐकायला घडी घाईघाईने जवळ यायची आणि साहेबांना वाटायचं, बायका काय झपाझप काम करतात.

घडी हे तिचं टोपणनाव. तिने घातलेली घडी पट्टी लावून पाहिली असती तरी तसूभर हलली नसती. बारीक चणीची, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, मला ताई म्हणायची. घरी ती आणि तिचे वडील, दोघंच. अप्पांनी पत्र्याच्या कारखान्यात चाळीस वर्षं घण मारले आणि निवृत्त होताना कान तिथेच ठेवून आले. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे बेंबीच्या देठापासून ओरडायचं. "आमच्या भाजीत मीठ कमी पडलं की आधी शेजारी सांगतात," असं घडी हसत सांगायची. पण एकदा चादर हातात देता देता ती वेगळंच म्हणाली.

"ताई, दुखतंय हे काही ओरडून सांगता येत नाही गं."

म्हणून ती ते आम्हाला सांगायची. दुपारच्या चहाला आम्ही तिघी बसायचो. तिसरी शिवणकाकू, फाटलेल्या चादरी मशीनवर शिवणारी, आमच्यात सर्वांत मोठी. चहाला दुखण्यांची फेरी व्हायची. तिचा नियम काकूंनी घालून दिला होता. एकीने आपलं दुखणं सांगायचं, आणि बाकीच्यांनी उपदेश करायचा नाही, डॉक्टरचं नाव काढायचं नाही, फक्त "माझंही" म्हणायचं आणि आपलं एक दुखणं त्याला जोडायचं. काकूंच्या पोटऱ्या, माझी कंबर, घडीचा खांदा. कुणाचंही दुखणं टेबलावर एकटं पडून राहायचं नाही. डॉक्टरचं नाव का नको, ते कुणी बोलून दाखवलं नव्हतं. वरच्या मजल्यांची आमची ओळख डागांवरूनच होती, आणि ते डाग रोज पाहिल्यावर वर जाऊन तपासून घ्यायची हौस राहत नाही.

त्या फेरीने आम्हाला किती बळ दिलं ते मी नाकारणार नाही. नवरा गेला त्या वर्षी मी त्या टेबलामुळेच उभी राहिले. पण आता चहाला कुणी "माझंही" म्हणत नाही. कुणाचं काही दुखलं की काकू चष्मा चढवून विचारतात, कुठे, कधीपासून, दाखव. मग ती बाई घाबरते आणि दुसऱ्या दिवसापासून सांगायचंच सोडते.

घडीचा उजवा खांदा दुखायचा. मी रोज चहानंतर तिला तेल चोळून द्यायचे. माझ्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणायचे आणि मलाही त्याचा तोरा होता. बोटांखाली स्नायूची गाठ शोधायची आणि अंगठ्याने ती सोडवायची, हे मला येतं. घडीच्या खांद्यात मला गाठ कधी सापडली नाही. हे मला तेव्हाच विचित्र वाटायला हवं होतं. मी आणखी जोरात चोळलं. ती डोळे मिटून म्हणायची, बरं वाटतं ताई. माझं मन राखायला म्हणत होती की खरंच बरं वाटत होतं, ते मला आजही ठाऊक नाही.

पुढे तिचा हात डोक्याच्या वर जाईना. साहेबांच्या लक्षात आलं असतं तर त्यांनी तिला कामावरून काढलं असतं किंवा निदान वर तपासायला तरी पाठवलं असतं. आम्हाला फक्त पहिलं दिसलं. मी चादरीची उंच बाजू कायमची माझ्याकडे घेतली. ती कोपरे द्यायची आणि वाकायची, मी ताणायचे. काकूंनी गठ्ठे फळीवर चढवायचं काम आपल्याकडे घेतलं. साहेबांना आम्ही ताकास तूर लागू दिली नाही, आणि याचा आम्हाला फार अभिमान वाटत होता.

मग एका सकाळी तिची उजवी पापणी उतरली. अर्धवट मिटलेली, झोप अपुरी झाल्यासारखी. काकू म्हणाल्या, ही कुणाला तरी डोळा मारते आहे. मी म्हणाले, दुसरं कोण, भट्टीवाला. भट्टीवाला म्हणजे बॉयलर सांभाळणारा साठीचा विधुर, नाकासमोर चालणारा. तो बिचारा त्या दिवसापासून आमच्या दारावरून जाताना मान खाली घालायला लागला. पाच महिने ती थट्टा चालली. घडीसुद्धा हसायची, आरशात बघून म्हणायची, या मेल्यासाठी माझा डोळा धड मिटेना ना धड उघडेना. आम्ही तो डोळा असा हसण्यावारी नेला.

त्यानंतर करंगळी बधिर झाली, आणि मग तिच्या घड्या वाकड्या यायला लागल्या. जिच्या घडीवर आम्ही पैज लावायचो तिच्या चादरीच्या कडा बोटभर सरकलेल्या असायच्या. मी टेबलाखाली घेऊन त्या पुन्हा घालायचे. तिने ते पाहिलं होतं. एकदा कोपरे देताना ती हळूच म्हणाली, "ताई, हात माझा राहिला नाही." आणि मी तोंडात बसलेलं तेच बोलले, "अगं, या वयात सगळ्यांचंच दुखतं."

एका सोमवारी एक तरुण डॉक्टर बाई धापा टाकत खाली आल्या. धुवायला टाकलेल्या कोटाच्या खिशात त्यांच्या घराच्या किल्ल्या राहिल्या होत्या. असल्या वस्तू आम्ही एका पत्र्याच्या डब्यात ठेवतो. घडीने डबा काढला, पण झाकण तिला उघडेना. डॉक्टर बाईंनी ते उघडलं, किल्ल्या घेतल्या आणि निघाल्या. दारातून परत फिरल्या. घडीच्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं, "हा डोळा कधीपासून असा आहे?"

उत्तर मी दिलं. मला आठवायची गरजच नव्हती. हसत हसत सांगितलं, पाच महिने झाले बाई, आमच्या भट्टीवाल्याला डोळा मारते ती. डॉक्टर बाई हसल्या नाहीत. त्यांनी घडीचे दोन्ही तळवे उजेडात धरले. उजव्या तळव्याचं मांस करंगळीच्या बाजूने आत गेलं होतं, अंगठ्याजवळ खळगा पडला होता. चौदा महिने मी तो हात माझ्या हातात घेत होते, दिवसाला चारशे वेळा. त्यांनी विचारलं, खांदा दुखतो का. घडीने माझ्याकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं.

त्याच दुपारी तिला वर नेलं. दुखणं खांद्याचं नव्हतंच, फुप्फुसाच्या शेंड्याला गाठ होती आणि ती तिथून हाताच्या शिरांवर चढली होती. डॉक्टर बाई चांगल्या होत्या, कुणाला दोष दिला नाही. एवढंच म्हणाल्या, लवकर आली असती तर काही करता आलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण आम्ही गावाला वळसाही घातला नाही. डोक्यावर पाच मजले डॉक्टर होते आणि आम्ही खाली तेल चोळत बसलो.

तिसऱ्या दिवशी मी तिला भेटायला गेले. इतक्या वर्षांत तिसऱ्या मजल्यावर मी पहिल्यांदाच चढत होते. ती आमच्याच चादरीवर झोपली होती. मला बघून तिने डाव्या हाताने चादरीची कड वर केली.

"ही तुझी घडी आहे ताई. एका कोपऱ्याला आखूड."

मी हसले नाही. तिने माझ्या कंबरेची चौकशी केली. मी म्हणाले बरी आहे. तशी ती चिडली, चौदा महिन्यांत पहिल्यांदा. सकाळपासून सगळे मलाच विचारतात म्हणाली, तू तरी तुझं सांग. मग मी सांगितलं की कंबर दुखते, जिना चढताना जास्तच दुखते, आणि सुनेने पातेलं पुन्हा वर ठेवलं आहे. ती ऐकत होती. तिचा डावा डोळा भरून आला, उजवा तसाच अर्धा मिटलेला राहिला. जाताना तिने एक काम सांगितलं. दोन दिवसांसाठीच ठेवून घेतलंय, असा निरोप तिने शेजाऱ्यांकरवी अप्पांना दिला होता. आता खरं सांगायला हवं होतं. "ओरडावं लागेल ताई. माझ्यात तेवढा श्वास नाही."

तिचं घर दुसऱ्या मजल्यावर. त्या घरातल्या भाजीचं मीठ मला माहीत होतं, पण दार मी पहिल्यांदा पाहत होते. घंटीच्या जागी आत दिवा लागतो अशी सोय तिने केली होती. बटण दाबलं तशी अप्पांनी दार उघडलं. काटकुळे, स्वच्छ, सदऱ्याची सगळी बटणं लावलेले. मी मोठ्याने सांगितलं, मी तिच्या कामावरची. त्यांनी खुर्ची दिली. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात वरची फळी रिकामी होती आणि सगळे डबे जमिनीवर भिंतीशी ओळीने मांडलेले होते.

मी वाटेत वाक्यं जुळवून आणली होती. ओरडून म्हणाले, तिला हॉस्पिटलात ठेवून घेतलंय, लवकर सोडणार नाहीत, दुखणं मोठं आहे. त्यांनी मान हलवली. "खांदा ना?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी खालचा होता.

ते डब्यांकडे बघत बोलायला लागले. डबे त्यांनीच खाली घेतले होते, गेल्या वर्षी. लेकीचा हात वर जात नाही हे त्यांना दिसलं होतं. केस विंचरताना ती डोकं हाताकडे नेते, हेही दिसलं होतं. ऐकू येत नसलं की माणूस बघत बसतो, म्हणाले. तिने एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

"दोनदा म्हटलं मी तिला, दाखवून घे. इतके डॉक्टर आहेत तुमच्याकडे. तर ओरडून म्हणाली, आमच्या ताई म्हणतात सगळ्यांचंच दुखतं." मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त माहिती हवी होती. "कोण गं ही ताई? तू ओळखत असशील."

"मीच," मी म्हणाले.

त्यांनी कानामागे हात धरला आणि पुढे वाकले.

"मीच ती, अप्पा."

"काय? मोठ्याने बोल, बाई."

मी खुर्चीवरून उठले. कंबरेत कळ आली. छाती भरून श्वास घेतला आणि घशाच्या शिरा ताणून ओरडले, "ती ताई मीच. मीच तिला सांगितलं, सगळ्यांचंच दुखतं."

त्यांना ऐकू गेलं. शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला, मग समोरचं. अप्पा हळूहळू मागे टेकले, आणि मग त्यांनी मला हाताने खुर्चीकडे खूण केली, बस.