मोठ्यानं केलेली प्रार्थना

भोरच्या ख्रिस्ती मंडळीत एखादी गोष्ट सगळ्यांच्या कानावर घालायची असेल तर ती प्रार्थनेत घालावी. चुगली करणारीला दटावता येतं, पण डोळे मिटून हात जोडलेल्या बाईला कोण अडवणार? फुलाबाईंना हे साठी उलटल्यावर कळलं, आणि तेही पोटच्या पोरीचं ठरलेलं लग्न हातचं गेल्यावर.

फुलाबाई मूळच्या भोंगवलीच्या. नवरा गेल्यापासून एसटी स्टँडामागच्या दोन खोल्यांत साड्यांना फॉल-पिको करून त्यांनी एकुलत्या शेफालीला शिकवलं. हात चलाख, जीभ त्याहून चलाख. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ लागला की त्या चहा सोडायच्या, आणि चहा सोडलेल्या फुलाबाईंच्या वाटेला शहाणं माणूस जायचं नाही. गिऱ्हाइकं साडी उंबऱ्यातूनच द्यायची.

यंदा मात्र त्यांना देवाकडे खरोखरच काही मागायचं होतं. शेफालीचं सारोळ्याच्या अनुग्रहशी जमलं होतं. उपासकाळात लग्न लावत नाहीत, म्हणून ईस्टरनंतरची तारीख धरायची होती. अडचण एकच. शेफालीला लहानपणी फिट यायची. दहावीनंतर एकदाही आली नव्हती, पण गोळी चालू होती. तिनं अनुग्रहला ते आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. तो म्हणाला, "मला चालतंय. आईला मी सांगतो, कलाकलानं. ईस्टरपर्यंत थांबा." सासूला कळायचं ते तिच्या मुलाच्या तोंडून, एवढंच ठरलेलं. तोवर फुलाबाईंनी तोंड बंद ठेवायचं होतं. त्यांच्यासारख्या बाईला हा उपास चहापेक्षा जड होता.

उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, पाळकसाहेबांनी सगळ्यांच्या कपाळाला राख लावली आणि बायकांच्या जोड्या लावून दिल्या. जोडीदारणींनी मनातलं ओझं एकमेकींपाशी उतरवायचं, एकमेकींसाठी प्रार्थना करायची, आणि उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी येशूनं शिष्यांचे धुतले तसे एकमेकींचे पाय धुवायचे, अशी त्या चर्चची रीत. फुलाबाईंच्या वाट्याला रत्ना आली. रत्ना वेल्ह्याहून भोरला राहायला आलेली, फुलाबाईंहून धाकटी. फुलाबाई टायफॉईडनं आडव्या पडल्या तेव्हा दोन्ही वेळची पेज हिनंच आणून पाजली होती. मैत्रीण म्हणावी अशी त्यांना हीच एक.

म्हणून त्यांनी तिला सगळं सांगितलं.

"रत्ना, पोरीचं नीट होऊ दे म्हणून माग. पण हे तुज्या-माज्यात आन् देवात ऱ्हाऊ दे."

"अक्का, माज्या पोटातनं भाईर न्हाई यायचं," रत्ना म्हणाली. आणि तिच्या मते तिनं शब्द पाळला. बोलली ती देवाशीच बोलली, फक्त खोलीभर माणसांच्या देखत.

उपासकाळात रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थनेची सभा असते. एके दिवशी ती रत्नाकडे होती. अनुग्रहची मावशी भोरातच राहते, तीही आली होती. रत्नानंच तिला उठून खुर्ची दिली. गाणी झाली, सगळ्यांनी डोळे मिटले आणि रत्नानं आवाज लावला. पाऊस, आजारी माणसं, परीक्षेला बसलेली मुलं असं करत करत ती पुढं म्हणाली, "हे दयाळू पित्या, आमच्या फुलाअक्कांच्या लेकीला लहानपणापासून फिटीचं दुखणं आहे. तिच्यावर तुझा हात ठेव. आणि जो मुलगा ही गोष्ट आईपासून लपवतो आहे, त्याला सुबुद्धी दे."

"आमेन," सगळे म्हणाले.

फुलाबाईही म्हणाल्या. जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं. डोळे उघडले तेव्हा मावशीची खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सारोळ्याहून फोन आला. आम्हाला फसवलंत, एवढं बोलून अनुग्रहच्या आईनं ठेवून दिला. अनुग्रहनं शेफालीचा फोन उचललाच नाही. आईसमोर तोंड उघडायची त्याची कलाकलाची वेळ कधी आलीच नाही. फुलाबाई तशाच उठून रत्नाच्या दारात गेल्या.

"म्या तुला बहीण समजत व्हते गं!"

"म्या काय चुगली केली व्हय, अक्का? म्या तर प्रार्थना केली," रत्ना म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं. फुलाबाईंना त्याचाच जास्त संताप आला. लबाड असती तर शिव्या घालून मोकळ्या झाल्या असत्या.

घरी शेफाली मशीनपाशी बसली होती.

"आई, तुला ओझं उतरवायचं होतं तर तुझं उतरवायचंस. माझं कशाला उतरवलंस?"

त्या दिवसापासून शेफालीनं आईशी बोलणं टाकलं. जेवण वाढायची, गोळी घ्यायची, कामाला जायची. फुलाबाई गुडघे टेकायच्या, पण शब्द फुटायचे नाहीत. रत्नावरचा राग डोक्यातून हलत नव्हता, आणि त्याच्या आडून लेकीचा प्रश्न डोकावत होता.

पाय धुवायची संध्याकाळ आली. येणार नाही म्हणता म्हणता फुलाबाई गेल्याच. रत्ना खुर्चीवर मान खाली घालून बसली होती. फुलाबाईंनी परात पुढं ओढली, तिच्या उजव्या पायावर पाणी घातलं, टाच चोळली, पदरानं पुसलं. रत्नाला भरून आलं. तिनं डोळे मिटले आणि खणखणीत सुरुवात केली, "हे दयाळू पित्या, माझी ही बहीण..."

फुलाबाईंनी ओला तळवा तिच्या तोंडावर दाबला.

"मनात कर. देव बहिरा न्हाई."

मग त्या उठल्या. रत्नानं डावा पाय पुढं केला होता, तो तसाच राहिला.

"ह्या वर्साला येकच," फुलाबाई म्हणाल्या. "दुसऱ्याचं फुडल्या उपासकाळात बगू."

त्या घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. शेफाली कॉटवर बसली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं तोंड उघडलं.

"एक तरी कशाला धुतलास?"

"आमेन म्या बी म्हनले व्हते," फुलाबाई म्हणाल्या आणि तिच्यासमोर फरशीवर बसल्या.

शेफालीनं आपले दोन्ही पाय कॉटवर ओढून घेतले. फुलाबाईंनी अजून पाणीसुद्धा आणलं नव्हतं.