दत्ताराम आणि माझा राखीव वन्स मोअर

बहरीनच्या मनामा शहरातल्या ज्या हॉटेलात मी हिशेब सांभाळतो, तिथली व्हॅन दत्ताराम तोरसकर चालवायचा. वेंगुर्ल्याहून आला, आधी मुहर्रकला एका दुकानाचा टेम्पो चालवला आणि शहात्तर साली आमच्याकडे लागला. विमानतळावरून पाहुणे आणायचे आणि परत पोचवायचे, हे त्याचं काम. बोलणं कमी, हॉर्न त्याहून कमी. मी बी.कॉम., मराठी मंडळाचा सेक्रेटरी आणि स्वतःच्या मते गायक. तिसऱ्या पदवीला साक्षीदार मिळत नव्हते.

ब्याऐंशीच्या सुरुवातीला दत्तारामने विमानतळावरून चार इंग्रज पोरं आणली. 'द स्पेअर कीज' हे त्यांच्या बँडचं नाव. पोस्टरवर आम्ही 'थेट लंडनहून' असं छापलं. पोरं लीड्सजवळच्या कुठल्याशा गावची होती. तीन वर्षांपूर्वी त्यांची एक रेकॉर्ड निघाली होती. एका मासिकात फोटोही आला, पण त्यात ड्रमरचं डोकं कापलं गेलं होतं. दुसरी रेकॉर्ड तयार झाली आणि कंपनीच्या कपाटातच राहिली. मग पबमध्ये वाजवत दिवस काढले आणि शेवटी एका एजंटने त्यांना करारावर इकडे धाडलं. इथे गळ्याला बो लावून, लोक जेवत असताना, दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवायची. स्वतःचं एकही नाही, अशी मॅनेजरची सक्त ताकीद.

गाणारा कीथ एकदा पगाराच्या चौकशीला माझ्या टेबलाशी आला, तेव्हा मी विचारलं, "तुमचं स्वतःचं संगीत कुठल्या प्रकारचं?"

"पॉवर पॉप. गिटार जोरात, चाल गोड, तीन मिनिटांत खलास." 'खलास' तो दत्तारामकडून शिकला होता.

मी त्याला समजावलं की आमच्याकडे तीन मिनिटांत गवयाचा तंबोरासुद्धा लागत नाही. त्याने आदराने मान हलवली. माझ्या संगीतज्ञानाला मिळालेली ती पहिली दाद.

सुट्टीच्या दिवशी दत्ताराम चौघा पोरांना झल्लाकच्या किनाऱ्यावर न्यायचा. तिथे ती समुद्राला आपली गाणी ऐकवायची आणि हा व्हॅनच्या पायरीवर बसून ऐकायचा. एक दिवस तो माझ्याकडे आला.

"सायबांनू, करार संपलो की पोरां वेगळी होतली. ड्रमवाल्याक घराकडे नोकरी गावली. त्येच्या आधी एकदा तरी लोकांसमोर आपला गाणा म्हणूचा असा. तुमच्या पाडव्याक धा मिनटां देवक जमात काय?"

"दत्ताराम, तुला इंग्रजी कळतं का?"

"नाय. पण गाणी बरी असत. माका पाठ झाली."

मी लगेच होकार दिला नाही, कारण मला त्याच्याकडून एक काम करून घ्यायचं होतं. पाडव्याच्या कार्यक्रमात शेवटचं नाट्यपद मी गाणार होतो. थोर गवई शेवटी गातात, म्हणून यादीत स्वतःला शेवटी मीच घातलं होतं. आणि नाट्यपद म्हटलं की वन्स मोअर हवा. तो आपणहून येईल याची खात्री नसल्याने मागच्या रांगेत दत्तारामचे ड्रायव्हर दोस्त बसवायचे, मी उजवा हात वर केला की त्यांनी ओरडायचं, असं ठरवलं. बदल्यात पोरांना माझ्या आधीची दहा मिनिटं.

"वन्स मोअर आमचो," दत्ताराम म्हणाला. "काळजी करू नकात."

घरी उल्काला हे सांगितलं. बायको म्हणून तिने धीर द्यायला हवा होता. "ओरडायला माणसं नेमलीत," ती म्हणाली, "आता ऐकायलाही नेमा."

पाडव्याचा कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. मी रेशमी झब्बा घालून, तोंडात ज्येष्ठमध धरून पडद्याआड उभा राहिलो. पोरं स्टेजवर आली. कीथने घाबरतच पहिलं गाणं सुरू केलं. मुलगी बसस्टॉपवर थांबलेली आहे आणि हा पावसात पोचतो, एवढीच कथा. पुढच्या रांगेतल्या काकवा सौजन्याने बसल्या होत्या. शेवटचा ठोका आला आणि कीथने गिटारवरचा उजवा हात झोकात वर केला.

मागची रांग एका दमात ओरडली, "वन्स मोअर!"

माझा वन्स मोअर. वर्षभर घोटलेल्या पदासाठी राखून ठेवलेला.

कीथने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. "काय चुकलं?"

"काही नाही. पुन्हा म्हणा म्हणतायत."

"सगळं?"

"सगळं. आमची पद्धत आहे."

"आम्हाला लवकर आटपा म्हणणारे भेटलेत," तो म्हणाला आणि पुन्हा सुरू झाला. या खेपेला घाबरला नव्हता. गाणं संपलं, त्याचा हात खालीच होता आणि ड्रायव्हर गप्प होते. ओरडली ती बाहेरच्या पायऱ्यांवरून आत येऊन उभी राहिलेली मंडळातल्या लोकांची मुलं. त्यात आमची मुलगी हेमाही होती, जी माझं गाणं सुरू झालं की अभ्यासाला बसायची. तिसऱ्या वेळी काकवा टाळ्यांनी ठेका धरत होत्या. मी दत्तारामकडे डोळे वटारून पाहिलं. त्याचं लक्ष नव्हतं. डोळे मिटून, शब्दन् शब्द, तो इंग्रजीत गात होता.

चौथ्या वेळेनंतर शाळेचा रखवालदार मुख्तार किल्ल्या वाजवत आला. "यल्ला, टाइम हो गया." तीन गाण्यांची तयारी करून आलेल्या पोरांचं एकच गाणं झालं आणि माझं एकही नाही. आभार मात्र मीच मानले. झब्ब्याचं कौतुक झालं.

बाहेर दत्ताराम व्हॅनमध्ये ड्रम चढवत होता. "सायबांनू, तुमका पण देवचो होतो. पण तुमचा गाणाच झाला नाय."

महिनाभराने त्याने चौघांना मुहर्रकच्या विमानतळावर सोडलं. सामानाच्या निमित्ताने मीही गेलो होतो. दारापाशी पोचल्यावर कीथ वळला आणि त्याने उजवा हात वर केला. दत्ताराम, जो कधी हॉर्नही वाजवत नसे, भर रस्त्यात ओरडला, "वन्स मोअर!"

बँड तिथेच संपला. जाताना त्यांनी दिलेली त्यांच्या गाण्यांची कॅसेट दत्तारामकडे राहिली. गेल्या वर्षी तो गावी परतला, तेव्हा ती शर्टाच्या खिशात घालून गेला.

आता माझी निवृत्ती आली आहे. निरोपाच्या कार्यक्रमात मी गावं असं मंडळाचं म्हणणं आहे. पद तयार आहे. उल्का विचारते, हात कुणासाठी वर करणार?