वाणासाठी लावलेला पावटा

दुबईत पेरणीचे दिवस दिवाळीनंतर येतात. त्याआधी बाल्कनीचं दारसुद्धा उघडवत नाही. मग एखाद्या सकाळी काचेला हात लागला तर ती गार लागते, आणि आमच्या बायकांच्या ग्रुपवर मेथी-कोथिंबिरीचे फोटो यायला लागतात. दह्याचा डबा, लबनची म्हणजे इथल्या ताकाची बाटली, आइस्क्रीमचा बॉक्स, जे रिकामं होईल त्यात कुणी ना कुणी काहीतरी पेरलेलं असतं.

त्या वर्षी मी काकूंचा पावटा पेरला.

काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. आम्ही नवीन आलो तेव्हा करामा भागात त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्यानं घेतली होती, तेवढाच संबंध. पण या शहरात मला उभं त्यांनी केलं. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमात शिकले, आणि माझ्या शिक्षकांचे उपकार आजही मानते. पण इथल्या विमानतळावर उतरल्यावर त्या पदवीचा फारसा आधार वाटला नाही. मेट्रोचं कार्ड कसं भरायचं, क्लिनिकमधल्या इंटरव्ह्यूला काय घालून जायचं, ऊद मेथा भागातल्या शाळेत मुलीच्या प्रवेशासाठी कुणाशी कसं बोलायचं, हे सगळं काकूंनी शिकवलं. मी फोनवर इंग्रजी बोलायचे तेव्हा त्या शेजारी बसून राहायच्या. मी अडले की नुसते ओठ हलवून शब्द पुरवायच्या.

त्यांच्या बाल्कनीत एसीच्या मशीनमागून दोरीवर चढवलेला पावट्याचा वेल असायचा. जांभळ्या कडेच्या शेंगांचा. बी त्यांनी कधी काळी साताऱ्याकडच्या माहेराहून पर्समध्ये घालून आणलं होतं आणि दर वर्षी चार शेंगा वेलावरच वाळवून पुढच्या वर्षासाठी ठेवलं होतं. भोगीच्या भाजीला बाकीचं सगळं बाजारातून आणलं तरी पावटा त्या वेलाचाच.

काका निवृत्त झाले आणि दोघं फेब्रुवारीत कायमचे परत जाणार असं ठरलं, तेव्हा काकूंनी ते बी रुमालात बांधून माझ्याकडे आणून दिलं. माहेरची जमीन केव्हाच विकली गेली होती, तिथे आता हा पावटा कुणाकडे नव्हता. जो होता तो त्या रुमालात.

"तू लाव," त्या म्हणाल्या. "मी घर आवरतेय, माझ्या हातून कुठेतरी जाईल. तुझा वेल झाला की मला बी पाठव."

मी रुमाल कपाळाला लावून घेतला. हे आठवलं की आजही मान खाली जाते.

आम्ही नुकतेच अल बर्शाला मोठ्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो आणि संक्रांतीचं हळदीकुंकू मी पहिल्यांदा माझ्या घरी करणार होते. वाण काय द्यायचं याचा विचार चालला होता. प्लॅस्टिकच्या डब्या, स्टीलच्या वाट्या सगळ्यांच्याच घरी पडून असतात. मला वाटलं, काकूंना ओळखणाऱ्या प्रत्येकीच्या हातात काकूंच्या पावट्याचं रोप द्यावं. काकू जातील, पण करामापासून अल बर्शापर्यंत प्रत्येक बाल्कनीत त्यांचा वेल असेल. मी ते ग्रुपवर जाहीरही करून टाकलं. काकूंचा व्हॉइस मेसेज आला. "अगं, काय बोलू मी," एवढंच म्हणून त्या थांबल्या होत्या.

त्यांना एकदा विचारावं, कसं लावायचं, असं मनात आलं होतं. पण इतकी वर्षं मी त्यांना विचारतच आले होते. हे एक तरी न विचारता करून दाखवायचं होतं.

मग मी अभ्यास केला. अभ्यास करणं मला जमतं. व्हिडिओ पाहिले, वाचलं. बिल्डिंगमागच्या रिकाम्या प्लॉटवरची वाळू घ्यायची नाही, तिच्यात क्षार असतात, हे कळलं. नर्सरीतून धुतलेली लाल माती आणली, नारळाच्या भुशाची, कोकोपीटची वीट बादलीत भिजवली, गांडूळखत चाळून घेतलं. तिन्ही इतकं छान मिसळलं की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटानं टोचल्यावर फुटावा. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांइतके दह्याचे आणि श्रीखंडाचे डबे साठले होते. ते घासून, वाळवून, मी त्यांना बाहेरून जरीची लेस चिकटवली.

सगळीकडे लिहिलेलं होतं की डब्याच्या बुडाला भोकं पाडा. ते मी वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

पण हे डबे वाणाचे होते. आमच्या गावी आई वाण आणायची तेव्हा प्रत्येक वाटी उजेडात धरून बघायची. तडा गेलेलं, भोक पडलेलं भांडं सवाष्णीच्या हातात द्यायचं नाही, हे मी परकरात असल्यापासून ऐकलेलं. शिवाय बायका पैठण्या नेसून येणार, गाडीत मांडीवर डबा घेऊन जाणार, खालून चिखलाचं पाणी गळलं तर? मी मधला मार्ग काढला. बुडाशी शोभेच्या खड्यांचा थर दिला. जास्तीचं पाणी त्या खड्यांत उतरेल आणि माती मोकळी राहील, असा माझा हिशोब. एका डब्याला घासताना बुडाशी चीर गेली. तो वाणात चालणार नव्हता. उरलेली माती आणि दोन बिया त्यात टाकून मी तो एसीच्या मशीनमागे सरकवला.

बी आठवड्यात वर आलं. जाड, मान वाकवलेले कोंब. मी फोटो टाकला आणि बायकांनी इतकं कौतुक केलं की ऑफिसमध्येही मी तो उघडून पाहत होते.

इथल्या हिवाळ्यातसुद्धा दुपारचं ऊन आणि वारा मातीचा वरचा थर पांढरा करून टाकतात. बोट लावलं की कोरडं. मी रोज पाणी घालत राहिले. खाली काय साचतंय ते दिसत नव्हतं. पानं पिवळी पडली तेव्हा मला वाटलं, पाणी कमी पडतंय. मग मातीलगत देठ मऊ झाले आणि रोपं एकेक करून आडवी झाली. एका संध्याकाळी मुलगी बाल्कनीचं दार लावत म्हणाली, "आई, इट स्टिंक्स." मी एक डबा उपडा केला. खड्यांचा थर काळ्या पाण्यात बुडाला होता आणि मुळांच्या जागी चिकट दोरे होते. वास नासलेल्या अंड्यांचा.

रुमाल मी झटकून पाहिला. त्यात काही नव्हतं.

संक्रांत जवळ आली होती. नवऱ्यानं सुचवलं, दुकानातून पावटा आण आणि पेर, कुणाला कळणार आहे? मी ते केलं नाही, पण काकूंना फोनही केला नाही. रोज ठरवायचे आणि रोज टाळायचे. वाणाला काचेच्या बरण्या आणल्या, डब्यांवर जुनी चादर टाकली आणि बाल्कनीचा पडदा ओढून घेतला.

हळदीकुंकवाला काकू सगळ्यात आधी आल्या, हिरव्या पैठणीत. मी त्यांना कुंकू लावलं, तिळगूळ दिला, ओटी भरली आणि बरणी हातात ठेवली. त्यांनी बरणीकडे पाहिलं, ठेवून घेतली. तोवर बाकीच्या बायका जमल्या. मजल्यावरची वसईची शेजारीणही आली, ती दर वर्षी कुणा ना कुणाकडे तिळगुळाला हौसेनं जाते. गप्पा रंगल्या तेव्हा काकू सगळ्यांत मोठ्यानं म्हणाल्या, "आणि माझा पावटा कुठंय गं? मी त्याच्यासाठी लवकर आले."

खोली माझ्याकडे बघायला लागली.

"कुजला, काकू."

"सगळा?"

मी मान हलवली. त्या उठल्या, पडदा सारून बाल्कनीत गेल्या आणि त्यांनीच ती चादर उचलली. वास आत आला. जरीच्या लेस लावलेले ते डबे ओळीनं उभे होते. काकूंनी एक डबा उचलून बुडाखाली बोटं फिरवली.

"भोकं नाही पाडलीस?"

"वाणाला भोकं कशी पाडणार?"

वसईची शेजारीण मागून म्हणाली, "मग काय, पावट्याला पोहायला शिकवत होतीस?" आणि सगळ्या हसल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. मीही हसले असेन. कान मात्र इतके तापले होते की कुणाकडे बघवेना.

काकू हसल्या नाहीत. बायका आत गेल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला विचारायचंस."

"किती वेळा विचारायचं, काकू?"

हे माझ्या तोंडून कसं गेलं मला माहीत नाही. त्यांनी डबा खाली ठेवला. हात पुसायला त्यांना काही मिळेना, पैठणीला पुसता येईना, तसाच ओला हात धरून उभ्या राहिल्या.

"तुला ओझं होत होतं का माझं?" त्यांनी विचारलं.

"नाही" हा शब्द त्या वेळी सरळ म्हणता आला असता. मी त्यांच्यासाठी नॅपकिन आणायला आत गेले.

बायका गेल्यावर मी डबे आवरायला घेतले. एसीच्या मशीनमागून तो चीर गेलेला डबा निघाला. गेले कित्येक दिवस मी तिकडे पाहिलंही नव्हतं. एसीच्या पाइपातून पडणारे थेंब त्यात पडत होते आणि चिरेतून निघून जात होते. आत एक वेल होता, मशीनच्या जाळीला धरून चढलेला. मी काकूंना फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला. फेब्रुवारीत विमानतळावर त्यांना पोचवायला गेलो, तेव्हा पावट्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

मार्चमध्ये वेलाला जांभळ्या कडेच्या शेंगा लागल्या. त्या कधी काढायच्या हे मी वाचून ठेवलं होतं. तरी एका शुक्रवारी मी साताऱ्याला फोन लावला. विचारलं, "काकू, बियांच्या शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या, की हिरव्या काढून घरात वाळवायच्या?"

उत्तर मला आधीच माहीत आहे, हे त्यांना कळलं असणार. त्यांच्या बाल्कनीत मी ते कितीदा पाहिलं होतं.

"वेलावरच," त्या म्हणाल्या. "खुळखुळ वाजायला लागल्या की काढ. आणि पाणी आता बंद कर. ऐकतेयस ना? तुझा हात सैल आहे पाण्याला."

मी ऐकत होते. त्या पुढे बराच वेळ सांगत राहिल्या, सावली, कीड, राख, आणि कागदाच्या पुडीतच ठेवायचं, प्लॅस्टिकमध्ये नाही. मी प्रत्येक गोष्टीला "हो काकू" म्हणत होते, आणि माझी मान इकडे, कुणी पाहत नसताना, खालीच होती.