उलट्या मिस्त्रींच्या चौकटी

माझ्या सासऱ्यांना अख्खं गाव ‘उलटे मिस्त्री’ म्हणतं. तोंडावर म्हणतं आणि तेही हसून ओ देतात, मग मला सांगायला कसली लाज! सुतारकाम करायचे. एकेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी हे गाव उलटं केलं.

झालं असं, की तेव्हा इथली सगळी घरं नदीकडे तोंड करून होती, कारण गाडीवाट तिकडून जायची. मग डांबरी रस्ता आला, तो नेमका घरांच्या पाठीमागून, गोठे आणि उकिरडे होते तिकडून. बस सुरू झाली, दुकानं थाटायची घाई झाली, आणि जो तो मिस्त्रींच्या दारात. दोन उन्हाळ्यांत त्यांनी एकतीस घरांच्या मागच्या भिंतींत नवी दारं बसवली. नदीकडची जुनी दारं गवंड्याने बुजवली. गावाने कूस बदलली आणि जुन्या वाटेवर झुडपं माजली.

फक्त एक हट्ट त्यांनी सोडला नाही. जुन्या दारांच्या फळ्या काढल्या, पण चौकटी आणि दगडी उंबरठे भिंतीतच ठेवले. गवंडी वैतागायचा, “अहो, काढा की! वीट धड बसत नाही.” तर मिस्त्री म्हणायचे, “माझ्या वडिलांनी बसवल्यात. माझ्या हाताने निघायच्या नाहीत.” लोक म्हणाले, कामचुकारपणा, दुसरं काय! लग्न होऊन आल्यावर मीही नाक मुरडलं. स्वयंपाकघराच्या भिंतीला दरवर्षी दाराच्या आकाराची भेग पडायची आणि दरवर्षी मी त्यांना ऐकवायची. माझं तोंड काही गप्प बसत नाही.

यंदा मोठ्या रस्त्याची मोजणी निघाली. रस्ता एक तर आमच्या नदीकाठाने जाणार, नाहीतर टेकडीपलीकडून. टेकडीपलीकडून गेला, की बसही तिकडेच जाणार. माझी लेक अकरावीत आहे, रोज त्याच बसने जाते. बस गेली की तिचं शिक्षण संपलं, हे मला लख्ख दिसत होतं.

मोजणीला आलेल्या इंजिनियर बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “नदीकडे वाट असल्याची नकाशात नोंदच नाही. वहिवाटीचा काही पुरावा आहे का? नसेल तर रस्ता टेकडीपलीकडून न्यावा लागेल.”

कागद कुणाकडेच नव्हता.

“आहे,” सासरे म्हणाले. वय ऐंशी. बाईंना घेऊन ते तडक स्वयंपाकघरात आले, माझ्या फळीवरचे डबे खाली उतरवले आणि भिंतीवर हातोडा घातला.

“अहो मामंजी! माझी भिंत!”

“थांब गं जरा.”

गिलावा पडला, आणि त्यामागून नुसता भुसा घळाघळा खाली आला. चौकट वाळवीने खाल्ली होती. सासऱ्यांचा हात तिथेच थांबला. चाळीस वर्षं लोकांची बोलणी ऐकून सांभाळलेली वस्तू, आणि मुठीत उरली माती. त्यांचा चेहरा मला बघवेना. मी हातोडा त्यांच्या हातातून घेतला आणि विटा पाडत सुटले.

खाली उंबरठा निघाला. काळा दगड, मधोमध परातीसारखा खोलगट झिजलेला. इंजिनियर बाईंनी बूट काढून त्या खोलगट जागेत पाऊल ठेवलं. बरोब्बर बसलं.

“मागच्या दाराचा उंबरठा एवढा झिजत नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “किती माणसं गेली असतील हो इथून?”

मग शेजारच्या घराची भिंत उघडली. तिथली चौकट शाबूत होती, अगदी टणक. मग कुणाला सांगावं लागलं नाही, जो तो आपापल्या घरात भिंत फोडायला लागला. दुपारपर्यंत एकवीस दारं उघडली. बाईंनी पहिल्या उंबरठ्यापासून शेवटच्यापर्यंत दोरी धरली. अहो, एका रेषेत! घरांच्या बाहेरच्या कोपऱ्यांचे दगड गाड्यांच्या चाकांनी घासून गुळगुळीत झालेले. एवढा मोठा रस्ता रोज माझ्या डब्यांमागे होता आणि मी त्याला भेग म्हणून शिव्या घालत होते.

महिन्याभराने कागद आला. रस्ता नदीकाठानेच जाणार. मी लेकीला मिठी मारून रडले, खोटं कशाला सांगू!

आता गाव पुन्हा कूस बदलतंय. परवा गवंड्याचा मुलगा आमच्याकडे आला, डांबरी रस्त्याकडचं दार बुजवायला. त्या दाराची चौकट सासऱ्यांनी स्वतः घडवलेली. त्याने पहार लावली. सासरे खाटेवर बसून बघत होते.

मी हातातलं पीठ तसंच टाकून धावले. “हात लावशील तर खबरदार! चौकट आतच राहील.”

“अहो वहिनी, वीट धड बसायची नाही. भेग पडेल.”

“पडू दे,” मी म्हटलं.