आठ पाण्यांचा सदरा

शंकरप्पा पहिल्या दिवशी कचेरीत आला, तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या बाह्यांना लुगड्याचे काठ लावलेले होते. लातूर जिल्हा नवा, कचेरी नवी, टेबलांचं पॉलिशसुद्धा अजून ओलं. कोण काय घालून आलंय हे बघायला कुणाला फुरसत नव्हती. रामकिशननं मात्र बघितलं. ते काठ त्या सदऱ्याला शोभत होते. हे त्याला तिथंच कळलं आणि तिथंच खटकलं.

रामकिशन हदगावचा. नांदेडच्या कॉलेजात मराठी घेऊन बी. ए. झालेला. नोकरीवर येताना ट्रंकेत कवितांच्या दोन वह्या घेऊन आला होता. शंकरप्पा उदगीरचा, जेमतेम मॅट्रिक. घरचं कापडाचं दुकान. दोघांना गंगम्माच्या घरात मिळून एक खोली मिळाली. एका कोपऱ्यात वह्या, दुसऱ्या कोपऱ्यात चिंध्या.

“आमचे आप्पा म्हनायचे, आपून लोकांला रंग विकायचा, आपून पांढरं घालायचं,” शंकरप्पा सांगे. “वीस वर्सं कापसाचं बोंड होऊन बसलो होतो मी गल्ल्यावर.”

संध्याकाळी तो सुई-दोरा घेऊन बसे. फेट्याच्या कापडाची कॉलर केली, ती घातल्यावर मान आखडल्यासारखी दिसू लागली. एका विजारीचा एक पाय दोन बोटं आखूड झाला. तो स्वतःच पोट धरून हसला आणि उसवायला बसला. “फसलं तर उसवायचं, कविराज. कापड काय रुसत न्हाई.”

रामकिशनच्या कविता ‘साभार परत’ येत. त्या कुठून उसवायच्या, हे त्याला कधी समजलं नाही.

कचेरीत शिवकन्या नावाची टायपिस्ट होती. रामकिशननं तिला एकदा कविता वाचून दाखवली. ती टाइप करता करता म्हणाली, “छान आहे.” त्याच दुपारी शंकरप्पा फाईल द्यायला आला. तिनं हात थांबवले, त्याच्या बाहीचा काठ दोन बोटांत धरून उलटा केला आणि विचारलं, “हे आतून कसं शिवलं हो तुम्ही?” रामकिशननं कवितेचा कागद घडी करून खिशात घातला.

जिल्हा होऊन चौथं वर्ष लागलं आणि पाऊस दडी मारून बसला. गल्लीतल्या विहिरीचा तळ दिसू लागला. टँकर सुरू झाले. रोज वेगळ्या मळ्यातून पाणी येई. खोलीला दोन घागरी मिळत. एक प्यायला-रांधायला, दुसरीत दोघांची अंघोळ. निम्मी घागर याची, निम्मी त्याची.

आणि त्याच दिवसांत शंकरप्पानं रंग सुरू केले. गाडीवाल्याकडून डाळिंबाची सालं आणायचा, जडीबुटी विकणाऱ्या गांध्याच्या दुकानातून हिरडा आणि तुरटी. स्टोव्हवर जरमनच्या पातेल्यात ते सगळं उकळायचं आणि त्यात मांजरपाटाची एकेक पट्टी बुडायची. भरीस भर म्हणून पठ्ठ्या अत्तर लावून कचेरीत येऊ लागला. शिवकन्या म्हणाली, “आज केवडा वाटतं?” रामकिशननं पेन इतकं दाबलं की निब वाकली.

पाणी कुठून आणतोस, असं त्यानं शंकरप्पाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. त्याला उत्तर नको होतं.

एका सकाळी गंगम्मा टँकरच्या रांगेत उन्हात उभी होती. रामकिशन तिच्या कानाशी म्हणाला, “अक्का, तुम्ही हंडाभर पाण्यासाठी इथं उभ्या. आमच्या खोलीत पाणी रंगात चाललंय.”

दुसऱ्या दिवशी बायांनी शंकरप्पाची घागर उचलून रांगेबाहेर ठेवली.

“रंगाऱ्या, आज तुला पानी न्हाई,” गंगम्मा म्हणाली. “लोकाच्या लेकरांचे घसे कोरडे पडलेत आन् तू सदरे रंगवून राहिलास?”

“कोन म्हनलं, अक्का?”

 गंगम्माची नजर रामकिशनकडं गेली. शंकरप्पानं ती पाहिली. रिकामी घागर उचलून तो खोलीत गेला.

रामकिशन मागोमाग आला. भांडण होईल, मग आपल्यालाही चार शब्द बोलता येतील, असं त्याला वाटलं होतं. शंकरप्पानं उशाखालून एक सदरा काढला आणि खाटेवर पसरला.

“अठरा दिस झाले, मी अंघोळ केली न्हाई,” तो म्हणाला. “तू अंघोळ उरकून पेपर वाचायला जातोस. मी माझ्या पान्यात फडकं भिजवून अंग पुसतो आन् बाकीचं पातेल्यात घालतो. वास मारू नये म्हनून अत्तर.”

रामकिशन सदऱ्याकडं बघत राहिला. आठ पट्ट्या होत्या. एक हळदीसारखी. एक मेंदी वाळल्यासारखी. एक तर राखेच्या रंगाची.

“सालं तीच. हिरडा त्योच,” शंकरप्पा म्हणाला. “पानी बदललं की रंग बदलतो. ज्या पान्यात लोखंड, त्यात काळपट येतो. आठ टँकर, आठ पानी.” प्रत्येक पट्टीच्या आत पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: औशाचा रस्ता, लिंबाचा मळा. मुरुडाकडची जुनी बारव.

त्या महिन्यात रामकिशननं दुष्काळावर तीन कविता लिहिल्या होत्या. त्यांत भेगा होत्या, कोरडे डोळे होते. ही आठही पाणी तो प्यायला होता. एकाही कवितेत त्यांतलं एकही नव्हतं.

लाज वाटली. पण लाजेच्या आधी हेवा वाटला, आणि लाज वाटून झाल्यावरही तो होताच.

तो सदरा उचलून रांगेकडं गेला.

“अक्का, तो त्याच्या अंघोळीचं पाणी वापरतो. मी न विचारता बोललो.”

“ठावं नव्हतं तर बोललास कशाला?”

“जळत होतो.”

“कशावर?”

रामकिशननं सदरा पुढं केला. बाया एकमेकींकडं बघून पदराआड हसल्या.

“बाप्या मानसानं सदऱ्यावर जळावं,” गंगम्मा म्हणाली, “हे आज बघितलं, बाबा.”

तिनं सदरा हातात घेतला. पट्ट्या कशाच्या आहेत ते रामकिशननं सांगितलं. तसं तिचं बोट राखेच्या रंगावर थांबलं. “हे त्याच मळ्यातलं. ज्यात तुरीची डाळ शिजंना.” दुसरीनं मान पुढं घातली. “आन् हे गोडं पानी गं. दोनच खेपा आल्या होत्या त्याच्या.” बाया एकेक पट्टी चाचपून बघू लागल्या. कुठल्या पाण्यात साबणाला फेस येत नव्हता, कुठल्या पाण्यानं पोरांची पोटं बिघडली, सगळं निघालं. रामकिशन बाजूला उभा होता. त्याची एकही ओळ आजवर कुणी अशी वाचली नव्हती.

शंकरप्पाची घागर रांगेत परत आली.

दुसऱ्या दिवशी रामकिशननं अंघोळ केली नाही. आपली निम्मी घागर त्यानं पातेल्याशेजारी ठेवली. त्या दिवशीचं पाणी रेणापूरच्या बाजूचं होतं. सदऱ्याला पाठीमागं, अगदी खालच्या कडेला एक पट्टी कमीच पडत होती. ती रंगली, विटकरीकडं झुकणारी, आठांपेक्षा वेगळी.

“पुढं लावता येत नाही का?” रामकिशननं विचारलं.

“पुढं जागा न्हाई, कविराज.” शंकरप्पानं अत्तराची कुपी त्याच्या हातात दिली. “लाव. लई वास येऊन राहिला तुझा.”

सोमवारी शंकरप्पा तो सदरा घालून निघाला. कचेरीत शिवकन्या उठून उभी राहिली. शंकरप्पा एकेका पट्टीवर बोट ठेवून मळे सांगत गेला. शेवटी म्हणाला, “आन् नववी आमच्या रामकिशनच्या पान्याची.”

“कुठाय?” तिनं विचारलं.

शंकरप्पा पाठमोरा झाला. रामकिशन केवड्याच्या वासात उभा राहून बघत होता. सदरा विजारीत खोचलेला होता.